लक्झेंबर्गात कुठे उतरायचं?

(भोपाळला चार इमली येथे झालेल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘युरोप प्रवासाचे अनुभव’. मी त्यांना म्हटलं, अहो, समोर बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी बारा दिवसांत सात देश करून आली आहेत. मी एकच देश पाहिला, तोही आपल्या भोपाळ जिल्ह्यापेक्षा लहान. हे मी गमतीनं म्हणत नाही. लक्झेंबर्गचं क्षेत्रफळ २५८६ चौरस किलोमीटर, भोपाळ जिल्ह्याचं २७७२. लोकसंख्या सात लाखांहून कमी, म्हणजे एकट्या भोपाळ शहराच्या निम्म्याहूनही कमी. अशा देशावर अर्धा तास काय बोलणार? तेव्हा मी एकाच प्रश्नावर बोलतो. तिथे गेल्यावर उतरायचं कुठे? या एका प्रश्नानं आमच्या घरात जेवढं रामायण झालं, तेवढं मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं.

थोडं मागे जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवीन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फाइलींच्या पाठोपाठ इथे आली. आमचे बाबा त्यांतलेच. टी. टी. नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. ‘मिळालं’ हा शब्द लक्षात घ्या. घर आपण घेत नव्हतो, शोधत नव्हतो, ते मिळत होतं. या शहराला आपण वस्त्यांची नावंसुद्धा तशीच दिली आहेत. पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, बाराशे पन्नास क्वार्टर्स, पाच नंबर, दहा नंबर. पुण्याचा माणूस पत्ता विचारायला लागला की त्याला वाटतं, आपण पाढे म्हणतो आहोत. पुढे मी सिंचन विभागात लागलो. रीवा, जगदलपूर, होशंगाबाद, जिथे बदली झाली तिथे सरकारनं दिलेल्या घरात राहिलो. शेवटची सात वर्षं इथे, याच चार इमलीत. (आपण घरात चिंचेला चिंचच म्हणतो, पण या मोहल्ल्याला ‘चार चिंचा’ म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.) निवृत्त झालो, बंगला सोडला, कोलार रोडला फ्लॅट घेतला. तोही मेव्हण्यानं पाहून ठेवलेला. सांगायचं म्हणजे, आपण कुठल्या भागात राहावं हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता.

तो विचारला लेकीनं. ती लक्झेंबर्गच्या दक्षिणेला बेलवाल म्हणून भाग आहे, तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम करते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही तीन आठवड्यांसाठी जायचं ठरलं. तिचा फोन आला, “बाबा, माझं घर म्हणजे एकच खोली आहे. तिघं नाही मावणार. तुम्हाला जवळच काहीतरी बघून देऊ का?”

खरं सांगतो, मला लागलं ते. मुलीच्या गावाला जायचं आणि मुलीकडे राहायचं नाही? टी. टी. नगरच्या दोन खोल्यांत आमच्याकडे नागपूरहून लग्नाला आलेली अकरा माणसं झोपायची. एक तर ओट्याखाली झोपायचा. पण हे तिला म्हटलं नाही. म्हटलं, “काही बघू नकोस, मी करतो व्यवस्था.” आणि रुसलेला माणूस जे करतो ते केलं. हिशेब मांडला.

हिशेब असा होता. देश उत्तर-दक्षिण ८२ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ५७. राजधानी साधारण दक्षिणेकडे, रेल्वे सगळ्या दिशांना तिथूनच निघते. शिवाय २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून या देशात बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट आहे. रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तेवढं तिकीट पडतं, बाकी तुम्ही-आम्ही परदेशी पाहुणेसुद्धा बिनतिकीट बसू शकतो. असं सबंध देशभर करणारा जगातला तो पहिला देश. मग प्रश्नच कुठे उरतो? स्टेशनाजवळ हॉटेल घ्यायचं, सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. एवढ्याशा देशात कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो? स्टेशनाभोवतीच्या त्या भागाला ‘गार’ म्हणतात, फ्रेंचमध्ये गार म्हणजेच स्टेशन. एकवीस दिवसांचं आरक्षण करून टाकलं.

आता गंमत बघा. माझा आतेभाऊ पुण्याहून सांची-भीमबेटका बघायला आला होता तेव्हा मीच त्याला बजावलं होतं की हमीदिया रोडला उतरू नकोस. स्टेशन जवळ आहे एवढंच, बाकी दिवसभर हॉर्न. श्यामला हिल्सला राहा, संध्याकाळी तलाव तरी दिसेल. दुसऱ्याला शहाणपण सांगणारा मी, स्वतःसाठी लक्झेंबर्गचा हमीदिया रोड निवडून बसलो.

गार भाग वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भारतीय किराणा तिथे मिळतो, जेवणाची हॉटेलं आहेत, खोल्या जुन्या शहराच्या मानानं स्वस्त. एक-दोन रात्री काढायच्या तर चांगलाच. पण अंधार पडल्यावर काही गल्ल्या टाळाव्या लागतात, आणि आमची खोली रस्त्यावरची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हिचा उजवा गुडघा तेव्हा शस्त्रक्रियेच्या वाटेवर होता. आरक्षण करताना मी किंमत पाहिली, स्टेशनापासूनचं अंतर पाहिलं, न्याहारी आहे का तेही पाहिलं. जिना पाहिला नाही.

आणि शहराचा नकाशा बघून फसलो तो वेगळाच. लक्झेंबर्ग शहर हे दोन नद्यांनी कोरलेल्या दऱ्यांच्या काठावर वसलेलं आहे, आल्झेट आणि पेत्रूस. वर पठारावर जुना किल्ला आणि शहर, खाली दरीत ग्रुंड, क्लॉझेन, फाफेनटाल अशा वस्त्या. नकाशावर ग्रुंड हे राजवाड्यापासून चार बोटं लांब दिसतं. प्रत्यक्षात ते कड्याखाली आहे. आयुष्यभर कंटूरचे नकाशे वाचून कालवे आखणारा मी, पण स्वतःच्या बायकोला कुठे उतरवायचं हे ठरवताना कंटूर बघायला विसरलो. नशिबानं तिथे कड्यातून ग्रुंडला उतरणारी लिफ्ट आहे, फाफेनटालला काचेची लिफ्ट आहे, किर्शबर्गला चढवणारी फ्युनिक्युलर आहे, आणि ही सगळी फुकट. पण लिफ्टपर्यंत चालत जावं लागतं, आणि परत आल्यावर आमचे तीन मजले होतेच.

चौथ्या दिवशी व्हियांडेनला गेलो. टेकडीवर किल्ला, खाली नदी, नदीकाठी १८७१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो राहिला होता ते घर. आधी रेल्वेनं एटेलब्रुक, मग बस. अंतर पंचेचाळीस किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या वर. संध्याकाळ झाली, सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या, गाव शांत झालं, किल्ल्यावर तिरकं ऊन आलं आणि मी घड्याळ पाहून म्हटलं, “चला, निघायला हवं.” ही पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, “आपण रोज सगळीकडून बरोबर वेळेवर निघतो.” मला ते कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी लेक ऑफिस सुटल्यावर आम्हाला भेटायला आली. अर्धा तास रेल्वेनं. खोलीत एकच खुर्ची, म्हणून ती पलंगाच्या कडेवर बसली. आम्ही भोपाळहून नेलेली चकली डब्यातून काढून दिली. तासाभरानं तिनं घड्याळ पाहिलं, उद्या सकाळी मीटिंग आहे म्हणाली आणि गेली. तीन मजले उतरतानाची तिची पावलं आम्हाला ऐकू येत होती. लॉजवर उतरलेल्या नातेवाइकांना आपण जसे भेटून येतो ना, तशी ती आम्हाला भेटून गेली.

त्या रात्री ही म्हणाली, “अहो, लग्नानंतर बारा घरं मांडली मी. एकही मी निवडलेलं नव्हतं. हे तेरावं मी निवडणार.”

यावर मी काय बोलणार? आरक्षणाचे काही पैसे बुडाले, ते जाऊ द्या. (व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो म्हणून आपण घाईनं सगळं आरक्षित करतो. रद्द करता येईल असंच करावं, थोडं महाग पडलं तरी. आणि मुलांकडे राहणार असाल तर तिथून त्यांचं हमीपत्र यावं लागतं, त्याला वेळ धरा.)

मग दुसऱ्या दिवशी लेकीला बोलावून दोघी संगणकासमोर बसल्या. मी बाजूला. हिनं विचारलेले प्रश्न ऐकून मी थक्क झालो. किती तारे, स्टेशन किती लांब, हे तिनं विचारलंच नाही. पायऱ्या किती? शेगडी आहे का? दूध-पाव किती पावलांवर? खिडकी कुठे उघडते? संध्याकाळी बाहेर बसायला बाक आहे का? आणि जेवायच्या वेळा? हा शेवटचा प्रश्न आपल्या वयाच्या माणसांनी जरूर विचारावा. तिकडे बऱ्याच हॉटेलांत दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद होतं ते सहाच्या पुढे उघडतं. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं त्या चार तासांत काय करायचं? रविवारी दुकानंही बरीचशी बंद. खोलीत स्वतःची शेगडी आणि वाटीभर मुगाची डाळ असली की माणूस कुणाचा मिंधा राहत नाही.

दोघींनी शहराचे भाग चाळले. जुनं शहर, म्हणजे प्लास दार्म, राजवाडा, तो सगळा पठारावरचा भाग. युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून आहे. राहायला उत्तम, पण महाग. किर्शबर्गला युरोपीय संघाची न्यायालयं, बँका, रुंद रस्ते. तिथलं एक गणित ध्यानात ठेवा. सोमवार ते गुरुवार साहेबलोकांमुळे खोल्यांचे भाव चढतात, शनिवार-रविवारी उतरतात. म्हणजे राजधानी बघायची असेल तर शनिवार-रविवार धरावा. पण सुट्टीच्या दिवशी तो भाग असा सुनसान की आपलं वल्लभ भवन रविवारी कसं दिसतं तसं. क्लॉझेनला रात्री तरुणांचा गोंधळ. लिंपर्ट्सबर्ग शांत, झाडांचं, ट्रामच्या जवळ. हिला ते आवडलं होतं, हिनं लगेच “चार इमलीसारखं आहे” असं म्हटलं. तळमजल्यावर जागा मिळाली नाही म्हणून सुटलं. आता तर २०२५ पासून ट्राम थेट विमानतळापर्यंत जाते, तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी तो भाग जरूर बघावा.

शेवटी हिनं राजधानीच सोडली. एक आठवडा एश्टरनाख, एक आठवडा एश.

एश्टरनाख पूर्व सीमेवर आहे. तिथे रेल्वे जात नाही, शहरातून बसनं पाऊण-एक तास. माझ्या हिशेबात हे गाव आधीच बाद झालं होतं. गावाच्या कडेनं झ्युअर नदी वाहते आणि नदीपलीकडे जर्मनी. आम्ही सकाळी पूल ओलांडून जर्मनीत भाजी आणायला जायचो आणि जर्मन लोक पेट्रोल, कॉफी, सिगारेट घ्यायला इकडे यायचे, कारण लक्झेंबर्गात ते स्वस्त. (एक सांभाळा, सीमेपलीकडच्या प्रवासाला मात्र तिकीट लागतं. फुकटची सवय लागलेली असते.) आमची खोली एका घराच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. पायऱ्या दोन. बाहेर बाक. चौकातलं दुकान सत्तर पावलांवर, हिनं मोजलेली.

पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं विचारलं, “उद्या कुठे जायचं?” ही म्हणाली, “कुठे म्हणजे? आलोय ना.”

तिथे ३० मेला जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ख्रिस्ती लोकांच्या पेंटेकॉस्ट सणानंतरच्या मंगळवारी त्या गावात दरवर्षी नाचती यात्रा निघते. सातव्या शतकाच्या शेवटी तिथे मठ स्थापन करणाऱ्या संत विलिब्रोर्ड यांच्या समाधीकडे हजारो माणसं जातात, पण चालत नाहीत, उड्या घेत जातात. रांगेतला एक माणूस दुसऱ्याला पांढऱ्या रुमालाच्या टोकांनी जोडलेला, एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, आणि बँडवर एकच धून तासन् तास. २०१० मध्ये युनेस्कोनं या यात्रेची नोंद घेतली. म्हातारे, शाळेतली पोरं, सगळे घामाघूम. हिनं पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ही तर पावली!” वारीत टाळाच्या ठेक्यावर टाकतात तीच. बाजूला उभ्या असलेल्या एका आजीबाईंना हिनं हातवारे करून आपली पावली दाखवली. गुडघा दुखत होता तरी. त्या आजीबाई हसत हसत दोन पावलं नाचल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला लक्झेंबर्गी येत नव्हती. दिवसभराच्या सहलीला आलो असतो तर पहाटे निघून गर्दीत मागे उभे राहिलो असतो. इथे घरून चहा पिऊन सपाता घालून गेलो होतो. ज्यांना ही यात्रा बघायची असेल त्यांनी जागा महिनोन् महिने आधी धरा. आम्हाला मिळाली ती कुणीतरी रद्द केली म्हणून.

नंतरचा आठवडा एशला. एश-सुर-आल्झेट हे देशातलं दुसरं मोठं गाव, पण पर्यटकांच्या पुस्तकात त्याला फार तर अर्धं पान. लोखंड-पोलादाचं गाव. शेजारी बेलवालला पोलाद कारखान्याच्या अजस्र भट्ट्या आहेत. देशातली शेवटची झोतभट्टी तिथेच १९९७ मध्ये विझली. पण त्यांनी सगळ्या भट्ट्या पाडल्या नाहीत. त्यांच्या पायाशी विद्यापीठ उभं केलं, २०१५ मध्ये ते तिथे आलं. आपल्या गोविंदपुऱ्यात बीएचईएलच्या शेडखाली कॉलेज भरलं आहे अशी कल्पना करा. माझ्यातला इंजिनीयर दोन दिवस त्या भट्ट्यांभोवतीच फिरत होता. बाकीच्यांना तिथे नेऊ नका, कंटाळतील.

एशमध्ये पोर्तुगीज वस्ती मोठी. कोपऱ्यावर त्यांची बेकरी. पहिल्या सकाळी हिला फ्रेंच शब्द आठवेना. बोट दाखवून सरळ म्हणाली, “पाव.” काउंटरवरच्या बाईनं लगेच पाव काढून दिला. आपला पाव त्यांच्याकडूनच तर आला आहे ना, गोव्याच्या वाटेनं. त्यानंतर आठवडाभर हिनं त्या बाईशी व्यवहार मराठीतच केला आणि एकदाही सुट्ट्या पैशांचा घोळ झाला नाही.

पण एश निवडलं ते पावासाठी नव्हे. लेकीचं घर तिथून तीन गल्ल्यांवर होतं. वरणाची वाटी झाकून नेली तर गरम पोहोचेल एवढ्या अंतरावर. ती संध्याकाळी कामावरून आधी आमच्याकडे यायची, बूट काढायची, ओट्याजवळ उभी राहून पातेल्यात डोकवायची. जेवून, थोडी भांडून, रात्री आपल्या घरी झोपायला जायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “तू पहिल्यांदाच सांगितलं होतंस ना, जवळ बघते म्हणून.” ती म्हणाली, “बाबा, मला वाटलं तुम्हाला माझ्या जवळ राहायचंच नाहीये. म्हणून स्टेशन घेतलंत.” मंडळी, मी रुसलो होतो तिच्यावर, आणि तिकडे तीही तेच धरून बसली होती. पावणेसात हजार किलोमीटरवरून फोनवर हे कळत नाही.

शेवटच्या रविवारी आम्ही तिघं शेंगेनला गेलो. ज्याच्या नावाच्या व्हिसासाठी आपण एवढी कागदपत्रं गोळा करतो, ते मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं एवढंसं खेडं आहे. १४ जून १९८५ ला तिथे नदीतल्या एका बोटीवर करारावर सह्या झाल्या. एका काठावर लक्झेंबर्ग, पलीकडे जर्मनी, आणि थोडं वर सरकलं की फ्रान्स. हिनं तिथेही आधी बाक शोधला.

वेळ झाली, सचिव हात दाखवताहेत. आपल्या मंडळातली दोन जोडपी पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहेत असं ऐकलं. गाड्यांच्या वेळा, व्हिसाचे कागद, हमीपत्र यांबद्दल मला विचारा, माझ्याकडे फाइल केलेली आहे. उतरायचं कुठे, हे मात्र मला विचारू नका. ती तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसली आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आता पायऱ्याही चढते. पण तुम्हाला विचारेलच, पायऱ्या किती म्हणून.